सही करण्याआधी : अमेरिकेत स्पोर्ट पायलट शिकवणाऱ्या नव्या इन्स्ट्रक्टरसाठी

अमेरिकेच्या विमान नियमांच्या भाग ६१ मध्ये 'सबपार्ट के' नावाचं एक आटोपशीर प्रकरण आहे. ते स्पोर्ट पायलटना, म्हणजे छोटी विमानं हौसेने उडवणाऱ्यांना, शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरांसाठी आहे. सरकारी नियम सहसा वाचणाऱ्याशी बोलत नाहीत, पण हे प्रकरण बोलतं. त्यातल्या कलमांची शीर्षकं चक्क प्रश्न आहेत. मला कोणते अधिकार आहेत? माझ्यावर कोणत्या मर्यादा आहेत? मी स्वतःच स्वतःला एन्डॉर्समेंट (लॉगबुकातली, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतली, मंजुरीची सही) देऊ शकतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच शब्दात आहे : नाही.

इन्स्ट्रक्टरचं काम विमान उडवणं शिकवण्याचं, हे खरंच. पण कायद्याच्या नजरेत तुम्ही मुख्यतः सही करणारे आहात. 'या माणसाला एकट्याने उडू द्यायला हरकत नाही' असं लिहून खाली नाव आणि सर्टिफिकेट नंबर टाकणारे. खाली जे टप्पे दिलेत ते त्या सहीच्या अंगाने मांडलेत. इथे शनिवार-रविवारी हौसेने उडणारे आणि 'आता शिकवायलाही लागू या का' असं विचारणारे मराठी मित्र भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

आधी एक सावधगिरी. स्पोर्ट पायलटचे नियम १ सप्टेंबर २००४ पासून लागू झाले आणि वीसेक वर्षं जवळपास त्याच चौकटीत राहिले. मग जुलै २०२५ मध्ये ऑशकॉशच्या विमान मेळ्यात एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने) 'मोझॅक' नावाचा नवा नियम जाहीर केला आणि पायलटांसंबंधीचा त्यातला भाग २२ ऑक्टोबर २०२५ ला अमलात आला. त्यामुळे कोणाच्या तरी जुन्या नोट्सवर, जुन्या पीडीएफवर विसंबू नका. नियम ऑनलाइन फुकट मिळतात. शिकवायला जाण्याआधी ताजी प्रत उघडायची सवय लावा.

पायरी १ : आपण कुठल्या जातीचे इन्स्ट्रक्टर, ते ओळखा

स्पोर्ट पायलटला दोन प्रकारचे इन्स्ट्रक्टर शिकवू शकतात. एक 'सबपार्ट एच'वाले, म्हणजे नेहमीचे सीएफआय. त्यांच्याकडे कमर्शियल सर्टिफिकेट असावं लागतं. दुसरे 'सबपार्ट के'वाले, म्हणजे स्पोर्ट पायलट रेटिंग असलेले इन्स्ट्रक्टर. यांच्याकडे फक्त स्पोर्ट पायलट सर्टिफिकेट असलं तरी चालतं. कमर्शियल नको, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता) नको. हौशी माणसाला इन्स्ट्रक्टर होण्याची ही सगळ्यात स्वस्त वाट आहे.

स्वस्त असली तरी अरुंद आहे. 'के'वाल्याला विमानात प्रायव्हेट पायलटचं पूर्ण शिक्षण देता येत नाही. पूर्वी तर त्याने शिकवलेले तास पुढच्या सर्टिफिकेटसाठी धरतच नसत. विद्यार्थी प्रायव्हेटकडे वळला की ते तास वाया. २०१८ मध्ये तो नियम बदलला आणि आता ते तास मोजले जातात. विद्यार्थ्याला हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण अजूनही कुठल्या तरी हँगरमध्ये त्याला कोणी तरी छातीठोकपणे उलटं सांगणार आहे.

पायरी २ : पात्रता

वय १८ पूर्ण, इंग्रजी वाचता-लिहिता-बोलता-समजता यायला हवं, आणि ज्या प्रकारचं विमान शिकवणार त्याचं पायलट सर्टिफिकेट. एक-इंजिनी विमानासाठी एकूण १५० तास, त्यात इंजिनवाल्या विमानात पायलट-इन-कमांड (विमानाची अंतिम जबाबदारी असलेला पायलट) म्हणून १०० तास, एक-इंजिनी विमानात ५० तास, क्रॉस-कंट्री (दूरच्या दुसऱ्या ठिकाणी उतरण्याचं उड्डाण) २५ तास. त्या २५ पैकी १० एक-इंजिनी विमानातले. शिवाय स्पोर्ट पायलटला चालणाऱ्या विमानात पायलट-इन-कमांड म्हणून १५ तास. पॉवर्ड पॅराशूट, ट्राइक वगैरेंचे आकडे वेगळे आहेत.

दोन लेखी परीक्षा असतात, मग चेकराइड, म्हणजे परीक्षकासमोरची तोंडी आणि प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा. पहिली लेखी परीक्षा शिकवण्याच्या शास्त्राची : माणूस शिकतो कसा, धडा कसा बांधायचा, चुका कशा दाखवायच्या. तुमच्याकडे राज्याचं चालू शिक्षक-प्रमाणपत्र असेल किंवा तुम्ही मान्यताप्राप्त कॉलेजात शिकवत असाल, तर या परीक्षेतून सूट मिळते. मराठी घरांत शिक्षकांची कमतरता कधीच नव्हती, तेव्हा हे कलम नीट वाचा.

आणि स्पिन, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येणं. विमानाचं इन्स्ट्रक्टर रेटिंग घ्यायचं तर स्पिनमध्ये जाणं, त्यातून बाहेर येणं आणि ते शिकवणं तुम्हाला प्रत्यक्ष उडून करावं लागतं, तेही स्पिनला मंजुरी असलेल्या विमानात. पोटात गोळा येतो. तो आलेला बरा, कारण पुढे विद्यार्थ्याने स्टॉलमध्ये (पंखांची उचल तुटते तेव्हा) उलटा रडर (शेपटीवरचं सुकाणू) मारला की तुमचे पाय विचार न करता हलायला हवेत.

पायरी ३ : विद्यार्थ्याला विमानात बसवण्याआधी

इथे नवे इन्स्ट्रक्टर सर्रास घाई करतात. तीन गोष्टी आधी.

एक, नागरिकत्व. विद्यार्थी अमेरिकन नागरिक असेल तर त्याचा पुरावा बघून तशी नोंद लॉगबुकात करायची. नसेल, म्हणजे एच-वन-बी, ग्रीन कार्ड, काहीही असेल, तर विमानाचं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसए या सरकारी वाहतूक-सुरक्षा संस्थेकडून त्याची सुरक्षा तपासणी पूर्ण झालेली असावी लागते. आपल्या ओळखीतले बरेच विद्यार्थी याच दुसऱ्या गटातले असणार. 'अरे, आपलाच आहे, कोल्हापूरचा, मी ओळखतो त्याला' हे टीएसएला चालत नाही. या कामासाठी इन्स्ट्रक्टरलाही टीएसएचं सुरक्षा-जागरूकता प्रशिक्षण ठरावीक काळाने करावं लागतं.

दोन, मेडिकल. स्पोर्ट पायलटला दिवसा उडण्यासाठी वैध अमेरिकन ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं, मेडिकल सर्टिफिकेट लागत नाही. याच सोयीसाठी अनेकजण या वाटेने येतात. पण यात एक खड्डा आहे. माणसाने मेडिकलसाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला, तर ड्रायव्हिंग लायसन्सची सोयही बंद होते. म्हणजे ज्याने कधी अर्जच केला नाही तो उडू शकतो, आणि 'बघू तरी पास होतो का' म्हणून गेलेला घरी बसतो. हृदयाचा, साखरेचा, नैराश्याच्या औषधांचा इतिहास असलेला विद्यार्थी आला तर फॉर्म भरण्याआधी विमानवैद्यकातल्या जाणकार डॉक्टरांशी नुसतं बोलून ये, असं त्याला सांगा. तुम्ही डॉक्टर नाही. सल्ला देऊ नका, क्रम सांगा. ड्रायव्हिंग लायसन्सवर जी बंधनं लिहिली असतील, चष्मा वगैरे, ती विमानातही लागू होतात. आणि लायसन्स खिशात असलं तरी आपली तब्येत उडण्याजोगी नाही हे ठाऊक असताना उडणं बेकायदेशीरच आहे.

तीन, स्टुडंट पायलट सर्टिफिकेट. विमानासाठी वय किमान १६ लागतं. अर्ज ऑनलाइन होतो आणि तो तुम्हीच इन्स्ट्रक्टर म्हणून पुढे पाठवू शकता. ओळख पटवणं आणि इंग्रजी पुरेसं आहे याची खात्री करणं तुमच्याकडे येतं. प्लास्टिकचं कार्ड यायला वेळ लागतो आणि त्याशिवाय सोलो (एकट्याने उडणं) नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच अर्ज करा. विद्यार्थी तयार आहे, हवा शांत आहे, आणि कार्ड आलेलं नाही म्हणून दोघं धावपट्टीकडे बघत बसलेत, हे दृश्य मी पाहिलंय आणि त्यातला एक मी होतो.

पायरी ४ : विमान

दोन सीट आणि दोन्हीकडे चालणारे कंट्रोल, ही किमान अट. पूर्वी स्पोर्ट पायलटचं विमान म्हणजे १३२० पौंडांच्या आतलं, दोन सीटचं, १२० नॉटच्या आतलं. मोझॅकनंतर वजनाची ती मर्यादा गेली; आता मुख्य कसोटी आहे फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) न लावता ५९ नॉटच्या आतला स्टॉल वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो वेग. चार सीटचं विमानही चालतं, पण स्पोर्ट पायलटने सोबत न्यायचा प्रवासी एकच. म्हणजे सेस्ना १७२ सारखं प्रत्येक फ्लाइंग क्लबात दिसणारं विमान आता स्पोर्ट पायलटच्या आवाक्यात आलं.

शिकवण्याच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे आणि माझ्या मते थोडा फसवाही. विमान जड झालं की त्याची जडत्वाची सवयही जड होते. हलक्या विमानात शंभरएक तास काढलेल्या 'के'वाल्या इन्स्ट्रक्टरने लगेच चार सीटच्या विमानात उजवीकडे बसून शिकवायला लागू नये, नियम काही म्हणोत. आधी स्वतः दुसऱ्या इन्स्ट्रक्टरबरोबर त्यात पुरेसे तास काढा. विमा कंपनीला काय चालतं तेही लेखी विचारून घ्या. भाड्याचं विमान असेल तर १०० तासांच्या तपासणीची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पायरी ५ : कॉकपिटमधली भाषा

हे कुठल्याही कलमात सापडणार नाही, पण मराठी विद्यार्थ्याला मराठी इन्स्ट्रक्टर शिकवत असेल तर हा खरा प्रश्न आहे.

कंट्रोल कोणाच्या हातात आहे हे तीन वाक्यांत ठरवायची पद्धत आहे : एकाने 'तुझ्याकडे कंट्रोल' म्हणायचं, दुसऱ्याने 'माझ्याकडे कंट्रोल', पहिल्याने पुन्हा 'तुझ्याकडे कंट्रोल'. ही तीन वाक्यं कायम इंग्रजीतच म्हणा. कारण मराठीत 'घे' म्हटलं की नाक वर घे की कंट्रोल घे? 'सोड' म्हणजे ब्रेक सोड, पॉवर सोड, की स्टिक सोड? जमिनीपासून तीस फुटांवर, आडव्या वाऱ्यात, 'सोड रे!' ऐकून विद्यार्थ्याने नेमकं काय सोडावं? समजावणं, चर्चा, खाली आल्यावरची उजळणी खुशाल मराठीत करा. धडा मातृभाषेत लवकर उतरतो. पण कंट्रोलची देवघेव आणि रेडिओ यांची भाषा ठरवून घ्या आणि ती बदलू नका. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये हे रोज म्हणा, दहाव्या धड्यालाही.

पायरी ६ : पहिली सोलो

सगळ्यात जड सही हीच. तिच्याआधी कलम ६१.८७ समोर ठेवा.

प्रथम लेखी चाचणी. ती तुम्ही काढायची, तुम्ही घ्यायची. भाग ६१ आणि ९१ मधले लागू नियम, त्या विमानतळाची हवाई हद्द आणि पद्धती, आणि त्याच विमानाचे गुणधर्म व मर्यादा, असे तीन विषय. चुकलेलं प्रत्येक उत्तर तुम्ही विद्यार्थ्याबरोबर बसून तपासायचं आहे. इंटरनेटवरून उचललेली प्रश्नपत्रिका देऊ नका. तुमच्या धावपट्टीच्या टोकाला तारा आहेत का, कुठल्या दिशेचा पॅटर्न (धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी) उजवीकडून आहे, हे प्रश्न त्यात असायलाच हवेत.

मग उड्डाणातले घटक. एक-इंजिनी विमानासाठी यादीत पंधरा गोष्टी आहेत : उड्डाणपूर्व तपासणी, टॅक्सी, आडव्या वाऱ्यातलं टेकऑफ-लँडिंग, सरळ उड्डाण आणि वळणं, चढण, पॅटर्न, टक्कर आणि विंड शिअर (वाऱ्याचा अचानक बदल) टाळणं, उतरण, वेगवेगळे वेग, स्टॉल, आणीबाणी, जमिनीवरच्या खुणा धरून केलेले फेरे, इंजिन बंद पडल्याचं गृहीत धरून अॅप्रोच, स्लिप (विमान तिरकं धरून उंची घालवणं), गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं). प्रत्येक गोष्ट शिकवलेली असणं पुरेसं नाही, शिकवल्याची नोंद हवी. लॉगबुकात आठ ओळी नुसत्या 'पॅटर्न, लँडिंग' अशा असतील तर स्लिप कुठल्या तारखेला शिकवली हे दोन वर्षांनी तुम्हालाच सांगता येणार नाही. अपघात झाला तर तपास करणारे तेच विचारतील.

सोलोची सही ठरावीक बनावटीच्या आणि मॉडेलच्या विमानापुरती असते आणि ९० दिवस चालते. नव्वद दिवस उलटले की पुन्हा उडा, पुन्हा सही. सहीतच वाऱ्याची आणि दृश्यमानतेची मर्यादा लिहून ठेवा; हा तुमचा अधिकार आहे आणि विद्यार्थ्याला तो उपकार वाटतो, कारण मित्रांनी 'चल की' म्हटलं तर त्याला दाखवायला कागद असतो.

आणि ज्याला तुम्ही स्वतः शिकवलं नाही, त्याच्या सोलोवर सही नाही. दुसऱ्या इन्स्ट्रक्टरचा विद्यार्थी, तो गावाला गेलाय, 'सगळं झालंय, फक्त सही राहिलीय' असा फोन येतो. त्या विद्यार्थ्याबरोबर उडून बघा. पटलं तर सही.

पायरी ७ : क्रॉस-कंट्री आणि हवाई हद्दी

सोलो क्रॉस-कंट्रीला दोन वेगळ्या सह्या लागतात. पहिली, या प्रकारच्या विमानात क्रॉस-कंट्री शिकवलंय ही. दुसरी, त्या दिवसाच्या त्या फेरीची आखणी, हवामान, इंधन तपासून दिलेली. दुसरी सही देताना विद्यार्थ्याने केलेला हिशेब बघायचा असतो, तुम्ही मनातल्या मनात केलेला नव्हे.

टॉवर असलेल्या विमानतळांवर, म्हणजे बी, सी, डी वर्गाच्या हद्दीत जायचं तर वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी सही लागते. सर्टिफिकेट मिळाल्यावरही ही सही नसेल तर स्पोर्ट पायलट तिथे जाऊ शकत नाही. मोठ्या शहराजवळ राहणाऱ्यांसाठी ती आधीच उरकलेली बरी. ज्या विमानांचा सपाट उड्डाणातला कमाल वेग ८७ नॉटच्या वर आहे, त्यांत विद्यार्थ्याला सोलो क्रॉस-कंट्रीआधी फक्त उपकरणांकडे बघून विमान सांभाळायलाही शिकवावं लागतं. 'के'वाल्याला ते शिकवण्यासाठी स्वतः एक तास जमिनीवरचं आणि तीन तास उड्डाणातलं प्रशिक्षण घेऊन एन्डॉर्समेंट मिळवावी लागते.

पायरी ८ : चेकराइडची शिफारस

विमानासाठी किमान २० तास : इन्स्ट्रक्टरबरोबर १५, सोलो ५. त्यात २ तासांचं क्रॉस-कंट्री प्रशिक्षण, पूर्ण थांबून १० लँडिंग, एक सोलो क्रॉस-कंट्री किमान ७५ नॉटिकल मैलांची, दोन ठिकाणी पूर्ण थांबून, आणि तिचा एक टप्पा सरळ रेषेत किमान २५ नॉटिकल मैलांचा. शिवाय चेकराइडच्या तयारीचे २ तास, परीक्षेच्या आधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांच्या आत.

सरळ रेषेत, हे शब्द लक्षात ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याने वळसा घालून, नदीच्या काठाकाठाने सुंदर फेरी केली. अंतर भरपूर झालं. परीक्षकाने चार्टवर पट्टी ठेवली आणि सगळ्यात लांब टप्पा चोवीस आणि काही भरला. परीक्षा सुरू होण्याआधीच संपली. चूक विद्यार्थ्याची नव्हती. तास तपासल्याची सही माझी होती. तेव्हापासून शिफारशीच्या आदल्या रात्री लॉगबुक घेऊन बसतो आणि प्रत्येक अट पेन्सिलीने टिक करतो.

वीस तास ही किमान मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे. बहुतेकांना जास्त लागतात. हे पैशांचं बोलणं सुरुवातीलाच करा.

सर्टिफिकेटबरोबर काय करता येत नाही हेही शिकवणं तुमचंच काम. पैसे घेऊन उडायचं नाही. समुद्रसपाटीपासून १०,००० फूट किंवा जमिनीपासून २,००० फूट, यांत जे जास्त असेल त्याच्या वर जायचं नाही. दृश्यमानता तीन मैलांहून कमी असेल तर उडायचं नाही. रात्री उडायचं तर मोझॅकमुळे वाट उघडली आहे, पण वेगळं प्रशिक्षण, सही आणि मेडिकल किंवा बेसिकमेड (मेडिकलचा सोपा पर्याय) हवंच. आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट आठवणीने सांगा : हे सर्टिफिकेट अमेरिकेबाहेर त्या देशाच्या परवानगीशिवाय चालत नाही. दिवाळीत घरी गेल्यावर ते दाखवून बारामतीच्या धावपट्टीवरून उडता येणार नाही.

पायरी ९ : दुसऱ्याच्या विद्यार्थ्याची तपासणी

स्पोर्ट पायलटला आणखी एखाद्या प्रकारचं विमान जोडायचं असेल, तर अनेकदा परीक्षकाकडे न जाता दोन इन्स्ट्रक्टरांत काम होतं. एक शिकवतो, दुसरा प्रोफिशन्सी चेक (उड्डाणकौशल्याची तपासणी) घेतो. दुसरा म्हणजे खरोखर दुसरा. तुम्ही चेक घेणारे असाल तर त्या दिवशी मित्र म्हणून जाऊ नका. पास केलंत की १० दिवसांच्या आत सही केलेला अर्ज एफएएकडे जायला हवा आणि प्रत तुमच्याकडे राहायला हवी. हे १० दिवस फार पटकन जातात. मी अर्ज विमानतळावरून निघायच्या आत भरतो.

पायरी १० : तुमचं दप्तर

कोणाला सोलोची सही दिली, कुठल्या प्रकारची, कुठल्या तारखेला. लेखी, प्रत्यक्ष परीक्षेची किंवा प्रोफिशन्सी चेकची शिफारस कोणाला केली आणि निकाल काय लागला. हे सगळं किमान तीन वर्षं जपायचं. वही चालते, स्प्रेडशीट चालते. लॉगबुक विद्यार्थ्याकडे राहतं आणि विद्यार्थी गावं बदलतात, म्हणून प्रत्येक सहीचा मोबाइलवर फोटो काढा. सह्यांचा मजकूर स्वतःच्या शब्दांत रचू नका. एफएएच्या ६१-६५ क्रमांकाच्या सल्लापत्रकात तयार मसुदे आहेत, तेच उतरवा.

सलग २४ तासांत ८ तासांपेक्षा जास्त उड्डाण-प्रशिक्षण देता येत नाही. हौशी इन्स्ट्रक्टरला ही मर्यादा कधी गाठावी लागू नये. उन्हाळ्यातल्या शनिवारी चौथ्या विद्यार्थ्याबरोबर तुमचा रडरवरचा पाय उशिरा हलायला लागतो, ते आठ तासांच्या बरंच आधी.

शिकवण्याचे पैसे घेता येतात, फक्त स्पोर्ट पायलट सर्टिफिकेट असलं तरी. पण एच-वन-बीवर असाल तर एफएएची परवानगी म्हणजे कामाची परवानगी नव्हे. तो व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो. फी ठरवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

१ डिसेंबर २०२४ पासून इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर मुदतीची तारीख छापत नाहीत. याचा अर्थ ते कायमचं झालं असा बरेचजण घेतात. तसं नाही. दर २४ कॅलेंडर महिन्यांत अलीकडचा अनुभव दाखवावाच लागतो : रिफ्रेशर कोर्स करा, किंवा पुरेसे विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात पास करवून दाखवा, किंवा इतर मान्य मार्ग. मुदत चुकली तर तीन महिन्यांच्या आत कोर्स करून सावरता येतं, त्यानंतर पुन्हा चेकराइड. तारीख कार्डावर नसल्यामुळे ती आता तुमच्याच कॅलेंडरमध्ये हवी. तुमचा स्वतःचा फ्लाइट रिव्ह्यू (प्रत्येक पायलटची ठरावीक काळाने होणारी उजळणी) वेगळा, त्याची तारीख वेगळी, आणि त्यावर सही करणारा माणूसही दुसराच शोधावा लागतो. मी दर वेळी शेजारच्या हँगरमधल्या म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरकडे जातो. तो कधीच पहिल्या फेरीत सही करत नाही.